गुणसूत्रांचा नकाशा आणि रोगप्रतिकार यंत्रणा : 'जीनोम' या पुस्तकाच्या निमित्ताने

मॅट रिडली यांचे 'जीनोम' हे इंग्रजी पुस्तक १९९९ साली प्रसिद्ध झाले. मानवी जनुकसंचाचा कच्चा आराखडा तयार झाल्याची घोषणा २६ जून २००० रोजी झाली, म्हणजे पुस्तक अगदी वेळेवर आले. त्याला पंचवीस वर्षे उलटून गेली तरी आनुवंशिकतेवर पाठ्यपुस्तकाबाहेरचे काही वाचायचे म्हटले की विज्ञान शिक्षकांच्या बोलण्यात याचे नाव हमखास निघते. मानकोली आणि आसपासच्या गावांतल्या शाळांत विज्ञान शिकवणाऱ्या आम्हा काही जणांनी ते मिळून वाचले, त्यातले काही भाग नववी-दहावीच्या वर्गांत वापरूनही पाहिले. पुस्तक चांगले आहे, यात वाद नाही. परंतु शिक्षकाने ते कसे वाचावे आणि कोठे थांबून त्याला हरकत घ्यावी, हे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

त्यासाठी आम्ही एकच कसोटी निवडली आहे. माणसाच्या रोगप्रतिकार यंत्रणेची जनुके कोणत्या गुणसूत्रांवर आहेत, आणि ती तेथे आहेत म्हणजे नेमके काय, हे या पुस्तकाच्या आधाराने विद्यार्थ्याला समजावता येते का? कोविडच्या साथीनंतर 'इम्युनिटी' हा शब्द घरोघरी पोचला. ती विकत मिळते, ती वाढवता येते, ती कोणाच्या अंगात मुळातच असते, अशा नाना समजुती मुले वर्गात घेऊन येतात. 'रोगप्रतिकारशक्तीचे जनुक कोठे असते?' हा प्रश्न त्यांतलाच. प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर साधे नाही, आणि रिडलींच्या पुस्तकाची मांडणी नेमकी याच ठिकाणी अपुरी पडते, असे आमचे मत आहे.

पुस्तकाची मांडणी

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. रिडलींनी पुस्तकाची प्रकरणेही तेवीसच केली. प्रत्येक प्रकरणासाठी त्या त्या गुणसूत्रावरचे एखादे जनुक निवडले आणि त्याच्या आधाराने एक विषय मांडला. दुसऱ्या गुणसूत्राला 'जाती', सातव्याला 'सहजप्रेरणा', नवव्याला 'रोग', अकराव्याला 'व्यक्तिमत्त्व', चौदाव्याला 'अमरत्व', बाविसाव्याला 'इच्छास्वातंत्र्य' अशा आशयाची शीर्षके आहेत. एक्स आणि वाय यांचे प्रकरण सातव्यानंतर येते, कारण आकाराच्या क्रमाने एक्सची जागा तेथेच आहे. ही कल्पना वाचकाला ताबडतोब आवडते. पाठ लक्षात राहायला अशी चौकट उपयोगी पडते, हेही खरे.

मात्र या चौकटीमुळे वाचकाच्या मनात एक गोष्ट न सांगताच रुजते. प्रत्येक गुणसूत्राला स्वतःचा स्वभाव आहे, एका गुणसूत्रावर एका विषयाची जनुके एकत्र ठेवलेली आहेत, असे त्याला वाटू लागते. रिडली स्वतः असे कोठेही म्हणत नाहीत. जनुके रोग घडवण्यासाठी नसतात, हे तर त्यांनी आवर्जून बजावले आहे. तरीही पुस्तकाची अनुक्रमणिका एक सांगते आणि मजकूर दुसरे. आमच्या अनुभवात विद्यार्थ्यांच्या लक्षात अनुक्रमणिकाच राहिली. प्रकरणे वाचून दाखवल्यावर 'बुद्धीचे गुणसूत्र सहावे' असे वहीत लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात निघाली.

पत्ता म्हणजे काय

मानकोली नाक्यापासून अंजूर, दापोडे, वळ, पूर्णा या गावांच्या बाजूला निघाले की दोन्ही अंगांना गोदामे लागतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरातले कोणी ना कोणी तेथे हमाली करते, गाडी चालवते किंवा मालाची नोंद ठेवते. त्यामुळे पत्ता ही गोष्ट मुलांना शिकवावी लागत नाही. अमुक कंपाऊंड, तमुक बिल्डिंग, गाळा नंबर इतका, एवढे सांगितले की गाडी बरोबर जागेवर लागते. जनुकाचा पत्ताही याच रीतीने लिहितात. '६पी२१.३' असे लिहिले असेल तर ६ हा गुणसूत्राचा क्रमांक, म्हणजे कंपाऊंड. 'पी' म्हणजे गुणसूत्राची आखूड भुजा. लांब भुजेला 'क्यू' म्हणतात. पुढचे आकडे रंगद्रव्य दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पट्ट्यांचे. 'एकवीस' असे न वाचता 'दोन-एक' असे वाचायचे: विभाग दुसरा, पट्टा पहिला, त्यातील तिसरा उपपट्टा.

इथवर गोदामाची उपमा चालते. पण गाळ्याचा नंबर कळला म्हणून आत काय भरले आहे ते कळत नाही, आणि शेजारच्या गाळ्यांत एकाच धंद्याचा माल असेलच असे नाही. एका गाळ्यात कापडाचे तागे, शेजारी औषधे, पलीकडे टायर, हे चित्र मुलांनी रोज पाहिलेले असते. गुणसूत्रांचेही पुष्कळसे असेच आहे. एकाच कामाची जनुके काही ठिकाणी शेजारी शेजारी सापडतात, तर काही ठिकाणी पार विखुरलेली. रोगप्रतिकार यंत्रणेत हे दोन्ही प्रकार ठळकपणे दिसतात, म्हणून तर ही कसोटी आम्ही निवडली.

सहावे प्रकरण

शेजारी शेजारी असलेल्या जनुकांचे उत्तम उदाहरण सहाव्या गुणसूत्रावर, वर दिलेल्या पत्त्यावरच, आहे. त्या भागाला एच.एल.ए. विभाग म्हणतात. आपल्या पेशी आपल्या पृष्ठभागावर प्रथिनांचे लहान तुकडे मांडून ठेवतात. गस्तीवरच्या पांढऱ्या पेशी ते तुकडे तपासतात आणि त्यांत विषाणूचा तुकडा आढळला तर ती पेशी नष्ट करतात. हे तुकडे ज्या प्रथिनांवर मांडले जातात त्यांची जनुके या विभागात आहेत. ज्याँ दॉसे यांनी १९५८ साली या गटातील पहिला प्रतिजन ओळखला, आणि त्या कामासाठी त्यांना १९८० चे नोबेल पारितोषिक स्नेल व बेनासेराफ यांच्यासह मिळाले. १९७४ च्या सुमारास हा विभाग सहाव्या गुणसूत्रावर असल्याचे निश्चित झाले. ऑक्टोबर १९९९ मध्ये, म्हणजे रिडलींचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, त्याचा अक्षरक्रम प्रसिद्ध झाला. सुमारे ३६ लाख अक्षरांच्या पट्ट्यात २२४ जनुकस्थाने मोजली गेली. त्यांपैकी १२८ कार्यरत असावीत आणि त्यांतली सुमारे ४० टक्के रोगप्रतिकाराशी संबंधित असावीत, असा अंदाज त्या वेळी देण्यात आला. सहाव्या गुणसूत्राच्या लांबीच्या जेमतेम दोन टक्क्यांत एवढी दाटी आहे.

या गुणसूत्राच्या प्रकरणासाठी रिडलींनी विषय निवडला तो बुद्धिमत्तेचा. १९९८ साली रॉबर्ट प्लोमिन यांच्या गटाने सहाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील एका जनुकाचा बुद्ध्यंकाशी अल्पसा संबंध असल्याचे प्रसिद्ध केले होते, ती त्यामागची घटना. रिडली ती सावधपणे सांगतात, त्यावरच्या वादाचीही जाणीव देतात. पुढे २००२ साली त्याच गटाला तो संबंध नव्या नमुन्यात पुन्हा आढळला नाही. ताज्या बातमीवर प्रकरण उभारले की असे होऊ शकते. त्याबद्दल लेखकाला आज दोष देण्यात अर्थ नाही. आमची हरकत निवडीला आहे. दाव्याचा पाया डळमळीत असताना त्याला प्रकरणाचे शीर्षक मिळाले, आणि अवयवरोपणापासून संधिवातापर्यंत ज्याचा संबंध येतो, ज्याच्यावर चार दशके पक्के काम झाले होते, त्या एच.एल.ए. विभागाला स्वतःचे प्रकरण मिळाले नाही. निवड सोयीची नसून महत्त्वाची असावी, एवढी अपेक्षा अशा पुस्तकाकडून ठेवणे गैर नाही.

शिक्षकाच्या दृष्टीने हा भाग गाळणे आणखी एका कारणाने तोट्याचे आहे. एच.एल.ए. विभाग लहान असल्याने तो आईकडून आणि वडिलांकडून बहुतेक वेळा अखंड गठ्ठ्याने मुलाकडे येतो. आईचे दोन गठ्ठे, वडिलांचे दोन. मुलाला प्रत्येकाकडून एक. म्हणजे चार जोड्या शक्य आहेत, आणि दोन सख्ख्या भावंडांची जोडी तंतोतंत जुळण्याची शक्यता चारांत एक. अस्थिमज्जारोपणासाठी डॉक्टर आधी भावंडांची तपासणी का करतात, याचे उत्तर दहावीच्या मुलाला फळ्यावर दोन मिनिटांत काढून दाखवता येते. मेंडेलचे वाटाणे आणि रुग्णालय यांना जोडणारे इतके सोपे उदाहरण दुसरे आम्हाला आठवत नाही.

एका प्रतिपिंडाचे पत्ते

आता विखुरलेल्या जनुकांचे उदाहरण पाहू. जंतू शरीरात शिरला की 'बी' प्रकारच्या लसीका पेशी त्याला चिकटणारी प्रथिने तयार करतात. ही प्रथिने म्हणजे प्रतिपिंडे. प्रतिपिंडाच्या रेणूत दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. जड साखळीची जनुके चौदाव्या गुणसूत्रावर आहेत. हलकी साखळी दोन प्रकारची असते: कापा प्रकाराची जनुके दुसऱ्या गुणसूत्रावर, लॅम्डाची बाविसाव्या. म्हणजे कोणताही एक प्रतिपिंड बनायला किमान दोन गुणसूत्रे लागतातच. लसीका पेशींचा दुसरा प्रकार 'टी'. त्यांच्या ग्राहक प्रथिनांची जनुके चौदाव्या आणि सातव्या गुणसूत्रांवर विभागलेली आहेत.

रिडलींच्या प्रकरणांत ही गुणसूत्रे अनुक्रमे अमरत्व, जाती, इच्छास्वातंत्र्य आणि सहजप्रेरणा यांची आहेत. प्रकरणे सुटी सुटी वाचणाऱ्याला प्रतिपिंड नावाची वस्तू तीन-चार प्रकरणांच्या आड विखुरलेली आहे, याचा पत्ताही लागणार नाही. येथे 'तेवीस प्रकरणांचे पुस्तक' ही उपमाच थकते.

याहून मोठी अडचण पुढे आहे. पुस्तकातली अक्षरे एकदा छापली की जागची हलत नाहीत. प्रतिपिंडांच्या जनुकांचे तसे नाही. सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली दाखवून दिले की गर्भाच्या पेशीत दूर दूर असलेले या जनुकांचे तुकडे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीत कापून जवळ जोडलेले असतात. १९८७ चे नोबेल पारितोषिक त्यांना या शोधासाठी मिळाले. जड साखळीसाठी तीन प्रकारचे तुकडे असतात: पहिल्या प्रकारचे उपयोगी पडणारे सुमारे ४०, दुसऱ्याचे २३, तिसऱ्याचे ६. प्रत्येकातला एकेक निवडून जोडला तर ४० × २३ × ६ म्हणजे ५,५२० जड साखळ्या होतात. कापा साखळीसाठी सुमारे ४० × ५ म्हणजे २००, लॅम्डासाठी सुमारे ३० × ४ म्हणजे १२०, मिळून ३२० हलक्या साखळ्या. आता ५,५२० गुणिले ३२० करा. उत्तर सतरा लाखांच्या पुढे जाते. सांध्यांच्या जागी अक्षरे कमी-अधिक होतात, त्यामुळे प्रत्यक्षातली विविधता याच्या कितीतरी पट आहे. माणसाच्या एकूण प्रथिनजनुकांची संख्या वीस हजारांच्या घरात असताना कोट्यवधी प्रकारची प्रतिपिंडे कोठून येतात, या कोड्याचे हे उत्तर. गणिताच्या तासालाही हा हिशेब देता येईल.

ही कापाकापी करणाऱ्या विकरांची जनुके आणखी वेगळ्या ठिकाणी, अकराव्या गुणसूत्रावर, आहेत. त्यांत बिघाड झाला तर मूल प्रतिपिंडांविना आणि टी पेशींविना जन्माला येते. म्हणजे पत्ता आहे चौदाव्या गुणसूत्रावर, पण अकराव्यावरची कात्री चालली नाही तर तो पत्ता असून नसल्यासारखा. शिवाय एकाच माणसाच्या त्वचेच्या पेशीतले आणि बी पेशीतले चौदावे गुणसूत्र या भागात सारखे नसते. मग नकाशा कोणत्या पेशीचा? हा प्रश्न विद्यार्थ्याला पडला तर तो धडा समजला, असे आम्ही मानतो.

जागेला काही महत्त्वच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. बर्किट लिम्फोमा या कर्करोगात आठव्या गुणसूत्राचा तुकडा तुटून बहुधा चौदाव्याला जोडला जातो. पेशीच्या वाढीला चालना देणारे एक जनुक त्यामुळे जड साखळीच्या जनुकांशेजारी येऊन पडते. बी पेशीत तो भाग अहोरात्र चालू असतो, म्हणून हे पाहुणे जनुकही अहोरात्र चालू राहते आणि पेशी अनिर्बंध वाढते. १९८२ साली हे उलगडले. नकाशे काढण्याचे कष्ट कशासाठी, असे विचारणाऱ्याला हे उदाहरण द्यावे.

मुंबईचा रक्तगट

पुस्तकातले नववे प्रकरण आम्हाला सर्वांत जवळचे वाटते, कारण त्यात रक्तगटांचे जनुक आहे. ए आणि बी यांच्यातला फरक मोजक्या अक्षरांचा, ओ गटात एक अक्षर गळालेले, आणि ओ गटाच्या माणसांना पटकीची बाधा अधिक तीव्र होते, हा सारा भाग रिडलींनी फार सुरेख लिहिला आहे. रोगांच्या साथींनी आपल्या जनुकांवर कसा ठसा ठेवला, हे त्यातून उमगते. रक्तगट आणि रोगप्रतिकार यांचे नाते अगदी निकटचे आहे. आपल्यात नसलेल्या प्रतिजनाविरुद्ध आपल्या रक्तद्रवात प्रतिपिंडे असतात, म्हणून तर रक्त जुळवून द्यावे लागते.

महाराष्ट्रातल्या शिक्षकाने या प्रकरणाला एक जोड द्यायला हवी. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया यांनी इंग्लंडमधील संशोधकांच्या साह्याने एक नवा रक्तगट 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जाहीर केला. नेहमीच्या चाचणीत या व्यक्ती ओ गटाच्या वाटत, पण ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नसे. हाच तो 'बॉम्बे' रक्तगट. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाला असल्याचे सांगितले जाते; युरोपात तो याहून पुष्कळ दुर्मीळ आहे. पुढे भाटिया यांनी ज्या संस्थेत या विषयावर वर्षानुवर्षे काम केले, ती प्रतिरक्षा-रक्तशास्त्राची राष्ट्रीय संस्था परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात आहे.

या रक्तगटाचे कारण पाहिले की 'नववे गुणसूत्र म्हणजे रक्तगट' हे समीकरण मोडते. तांबड्या पेशीवर आधी 'एच' नावाचा पाया घातला जातो. तो घालणारे विकर एकोणिसाव्या गुणसूत्रावरील जनुकामुळे तयार होते. त्या पायावर ए किंवा बी शर्करा बसवणारे विकर नवव्या गुणसूत्रावरील जनुकाचे. ओ गटात नुसता पाया असतो. बॉम्बे गटात पायाच नसतो. नवव्या गुणसूत्रावर ए जनुक धडधाकट असले तरी शर्करा बसवणार कशावर? म्हणून ती व्यक्ती ओ सारखी दिसते. पण पायाविरुद्धही तिच्या रक्तात प्रतिपिंडे असतात, आणि ओ गटाच्या पेशींवर तो पाया सर्वांत जास्त असतो. अशा माणसाला ओ रक्त दिले तर जीव धोक्यात येतो. ए आणि बी एवढ्याच द्रवांनी तपासून थांबले तर ही चूक घडू शकते. रुग्णाच्या रक्तद्रवाची ओ पेशींशी गाठ घालून पाहिली की ती वेळीच पकडता येते.

याचा दुसरा परिणाम घरातला आहे. वडील बॉम्बे गटाचे, नवव्या गुणसूत्रावर एक ए जनुक लपलेले. आई साधी ओ गटाची. मुलाला आईकडून पाया घालणारे जनुक मिळते आणि वडिलांकडून ए मिळू शकते. मूल ए गटाचे निघते. दोन्ही पालक कागदोपत्री ओ, आणि मूल ए. पाठ्यपुस्तकी कोष्टक म्हणते, हे अशक्य आहे. रक्तगटाच्या कोष्टकावरून आईबापांविषयी शंका घेण्याचे प्रकार आपल्या समाजात होतात. कोष्टक शिकवताना ते एका जनुकापुरते आहे, त्याला अपवाद आहेत आणि पहिला ठळक अपवाद आपल्या मुंबईत सापडला, ही तीन वाक्ये शिक्षकाने न चुकता सांगावीत.

जाता जाता, एच जनुकाचा पत्ता एकोणिसाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. रिडलींनी त्या गुणसूत्राच्या प्रकरणात स्मृतिभ्रंशाशी संबंधित ज्या जनुकाची कथा सांगितली आहे, ते याच भुजेवर चाळीस लाख अक्षरांहून कमी अंतरावर आहे. दोघांच्या कामाचा एकमेकांशी संबंध नाही. एकाच रांगेतले गाळे, माल वेगळा.

पत्ता शोधला कसा

आमची दुसरी मोठी हरकत पद्धतीविषयी आहे. हंटिंग्टन रोगाच्या जनुकाचा शोध रिडलींनी चौथ्या प्रकरणात रंगवून सांगितला आहे. परंतु जनुकांचे पत्ते शोधण्याच्या पद्धती क्रमाने उलगडून दाखवणारे प्रकरण पुस्तकात नाही. शिक्षकाला नेमके तेच हवे असते. 'अमुक जनुक तमुक गुणसूत्रावर आहे' हे वाक्य पाठ करण्यात विज्ञान नाही. ते कशावरून कळले, हे विचारण्यात आहे.

तीन पद्धती शाळेत समजावता येतात. पहिली कुटुंबांची. दोन गुणधर्म पिढ्यान्‌पिढ्या बरोबर जातात का ते पाहायचे. नखे आणि गुडघ्याच्या वाटीचा एक आनुवंशिक दोष आणि ए-बी-ओ रक्तगट बरोबर जातात, हे १९५५ सालीच कळले होते. ते नवव्या गुणसूत्रावर आहेत हे कळायला मात्र आणखी वीस वर्षे गेली. शेजारी कोण ते समजले, पण गाव समजायला वेळ लागला. १९६८ साली रॉजर डोनाह्यू यांना स्वतःच्याच पहिल्या गुणसूत्राचा आकार जरा वेगळा दिसला. तो आकार घरात कोणाकोणाकडे आहे हे तपासून त्यांनी डफी रक्तगटाचे जनुक पहिल्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. लिंगगुणसूत्रे सोडून इतर गुणसूत्रावर निश्चित जागा मिळालेले हे माणसाचे पहिले जनुक.

दुसरी पद्धत संकरित पेशींची. माणसाची आणि उंदराची पेशी एकत्र केली की संकरित पेशी वाढताना माणसाची गुणसूत्रे एकेक करून गमावते. कोणते गुणसूत्र गेल्यावर कोणते प्रथिन बनायचे थांबले, याची नोंद ठेवायची. कंपाऊंडचे फाटक बंद झाल्यावर कोणता माल यायचा थांबला, यावरून तो माल कोठला ते ओळखण्यासारखेच हे आहे. एच.एल.ए. आणि प्रतिपिंडांची जनुके यांचे पत्ते निश्चित करण्यात या पद्धतीचा मोठा वाटा होता. तिसरी पद्धत जनुकाच्या खुणावलेल्या तुकड्याने गुणसूत्रावरची जागा थेट सूक्ष्मदर्शकाखाली दाखवण्याची. या तिन्हींचे निष्कर्ष जुळले की पत्ता पक्का. फळ्यावर पाच संकरित पेशी, प्रत्येकीत उरलेली गुणसूत्रे आणि प्रथिन आहे की नाही, असे कोष्टक दिले तर नववीची मुले पत्ता स्वतः शोधून काढतात. आम्ही हे करून पाहिले आहे.

पुस्तकाची जमेची बाजू

एवढ्या हरकती घेतल्यावर गुण सांगणेही आमचे कर्तव्य आहे. पाचवे प्रकरण दम्यावर आहे, आणि रोगप्रतिकाराच्या दृष्टीने पुस्तकातले ते सर्वांत प्रामाणिक प्रकरण आहे. दम्याचे जनुक शोधायला निघालेल्यांनी वेगवेगळ्या गुणसूत्रांवर बोट ठेवले, एकाचे दुसऱ्याशी जुळेना, आणि घरातली धूळ, राहणी, लहानपणीचे संसर्ग यांचा वाटा वेगळा काढता येईना. लेखकाने हा गोंधळ झाकलेला नाही, वाचकाला त्यात मुद्दाम नेले आहे. दहाव्या प्रकरणात ताणामुळे वाढणारे कॉर्टिसोल रोगप्रतिकार कसा मंदावते, हे सांगताना कारणाची दिशा उलटीही असते, बाहेरची परिस्थिती जनुकांना चालू-बंद करते, हे ते दाखवतात. ही दोन प्रकरणे वर्गात जरूर वापरावीत. लेखकाची भाषा प्रसन्न आहे, आणि विज्ञानात मतभेद असतात हे तो लपवत नाही.

वर्गात काय सांगावे

हा सारा ऊहापोह शब्दांच्या काथ्याकुटासाठी नाही. २००१ साली दक्षिण भारतातील कुटुंबांच्या अभ्यासातून कुष्ठरोगाच्या प्रवणतेशी संबंधित एक जागा दहाव्या गुणसूत्रावर असल्याचे प्रसिद्ध झाले. त्याचा अर्थ एवढाच की, जंतूचा संसर्ग झाल्यावर कोणाला रोग होण्याची शक्यता अधिक, यात त्या भागाचा काही वाटा असू शकतो. वर्गात हेच 'कुष्ठरोगाचे जनुक सापडले' या शब्दांत पोचले तर ज्या घरात रोगी आहे त्या घरातल्या मुलाने काय समजायचे? कुष्ठरोग जंतूंमुळे होतो आणि बहुविध औषधोपचाराने बरा होतो. तो 'घराण्यात' असल्याची समजूत मोडायला कितीएक पिढ्या खपल्या. ती गुणसूत्राच्या नावाने आपण परत आणू नये.

दुसरे उदाहरण याच तालुक्याचे. २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि भिवंडी येथे गोवराचा उद्रेक झाला. बाधितांत लस न मिळालेली बालके मोठ्या संख्येने होती. त्या मुलांची एच.एल.ए. जनुके निराळी होती म्हणून गोवर आला नाही. त्यांच्यापर्यंत लस पोचली नव्हती. लस ही प्रतिपिंडांच्या त्याच लाखो जोडण्यांतून योग्य ती जोडणी निवडून वाढवण्याचे काम करते. जनुके सर्व मुलांकडे होती, त्यांना वेळेवर ओळख करून देणारी सुई सर्वांना मिळाली नाही. 'आमच्या पोराची इम्युनिटी मुळातच चांगली आहे' असे म्हणून लस टाळणाऱ्या पालकाला उत्तर द्यायचे तर शिक्षकाला हा संबंध स्पष्टपणे सांगता आला पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी. हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असावे, परंतु त्यातील अनुक्रमणिका तक्ता करून भिंतीवर लावू नये. लावायचाच तर आम्ही केला तसा तक्ता लावावा: मध्यभागी प्रतिपिंडाचे चित्र आणि त्यापासून दुसऱ्या, अकराव्या, चौदाव्या, बाविसाव्या गुणसूत्रांकडे जाणाऱ्या रेषा, बाजूला तांबडी पेशी आणि तिच्यापासून नवव्या व एकोणिसाव्याकडे जाणाऱ्या रेषा. खाली एक मोकळी जागा ठेवावी. 'हे कशावरून कळले?' या प्रश्नाची उत्तरे विद्यार्थ्यांनी तेथे स्वतःच्या अक्षरात लिहावीत.